व्यवसायाच्या नावाची राखण: गोव्यातील उद्योजकांसाठी ट्रेडमार्क नोंदणीची वाट

ट्रेडमार्कच्या कामासाठी येणाऱ्या बहुतेकांच्या हातात एक फाइल असते. पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यापार परवाना, जीएसटी क्रमांक, अन्नसुरक्षा परवाना, लघुउद्योगाच्या नोंदणीचे उद्यम प्रमाणपत्र असे सगळे कागद तिच्यात नीट लावलेले असतात. ‘नाव तर आमचेच आहे, आता त्यावर फक्त तो गोलातला आर लावायचा आहे,’ असे ते सांगतात. प्रत्यक्षात यांपैकी एकाही कागदाने नावावर हक्क मिळत नाही. परवाना धंदा करण्याची मुभा देतो आणि जीएसटी क्रमांक करासाठी असतो. फेणीच्या बाटलीचे लेबल अबकारी खात्याकडे नोंदवले तरी ती नोंद अबकारीच्या कामापुरतीच असते. पणजीच्या कंपनी निबंधकांकडे कंपनी स्थापन झाली, म्हणून त्या नावाने दुसऱ्याने माल विकू नये असेही ठरत नाही. मालाच्या किंवा सेवेच्या नावाचे रक्षण करणारा कायदा वेगळा आहे. तो म्हणजे व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) अधिनियम १९९९. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१७ चे आहेत.

या कायद्याने नाव, अक्षरे, आकडे, चित्र, लेबल, रंगसंगती, इतकेच काय, बाटलीचा आकारसुद्धा व्यापारचिन्ह ठरू शकतो. अट एवढीच की, एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखण्याची ताकद त्या चिन्हात असावी. नोंदणी सक्तीची नाही. मात्र नोंदणी नसेल, तर कोणी नक्कल केल्यावर आपल्या नावाला बाजारात लौकिक होता, समोरच्याने लोकांची फसगत होईल असे वर्तन केले आणि त्यामुळे आपले नुकसान झाले, या तिन्ही गोष्टी पुराव्यानिशी सिद्ध कराव्या लागतात. नोंदणी असेल तर प्रमाणपत्र दाखवूनच सुरुवात करता येते.

नाव ठरवताना

या कामातले सर्वांत मोठे नुकसान अर्ज करण्याच्या कितीतरी आधी, नाव ठरवताना होते, असे माझे मत आहे. गोव्यात नाव ठेवण्याच्या तीन रीती रूढ आहेत. एक देवाचे नाव, दुसरे गावाचे नाव आणि तिसरे थेट पदार्थाचे नाव. ट्रेडमार्कच्या दृष्टीने या तिन्ही रीती दुबळ्या आहेत.

देवाचे नाव घेऊ. शांतादुर्गा, मंगेश, दामोदर, म्हाळसा ही नावे पाटीवर असलेली दुकाने गोव्याच्या प्रत्येक बाजारात सापडतात आणि त्यात गैर काहीच नाही. पण ज्या नावावर सर्वांची सारखीच श्रद्धा आहे, ते एकाच्या मालकीचे करून घेणे कायद्याला सहसा मान्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली उदबत्तीच्या एका वादात ‘रामायण’ या नावावर कोणालाही एकाधिकार सांगता येणार नाही असे ठरवले. दैवताच्या नावासोबत दुसरा वेगळा शब्द किंवा चित्र जोडून नोंदणी मिळालेली उदाहरणे आहेत. पण अशा नोंदणीचा जोर त्या जोडलेल्या भागात असतो, दैवताच्या नावात नसतो. शेजारच्या तालुक्यातील दुकानदाराने तेच दैवत आपल्या पाटीवर घेतले, तर त्याला अडवण्याचा विचार सोडून द्यावा लागतो.

गावाच्या नावाची अडचण निराळी आहे. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, गुण, प्रमाण, उपयोग किंवा उगमस्थान एवढेच सांगणारे शब्द नोंदवता येत नाहीत, कारण ते सर्वांना वापरण्यासाठी मोकळे राहिले पाहिजेत. त्यामुळे ‘काणकोण मसाले’ किंवा ‘अस्सल गोमंतकीय लोणचे’ असे नाव अर्जात लिहिले, की परीक्षकाचा आक्षेप येणार हे धरूनच चालावे. शब्द कोकणी किंवा मराठी आहे म्हणून त्याचा अर्थ मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयात कळणार नाही, या भरवशावर कोणी राहू नये, कारण अशा शब्दाचे लिप्यंतर आणि अर्थ अर्जातच द्यावा लागतो. मसाल्याला ‘झणझणीत’ नाव दिले तर ते गुणवर्णन झाले. त्याच मसाल्याला ‘चांदणे’ असे नाव दिले तर त्या शब्दाचा तिखटाशी काही संबंध नसल्यामुळे ते ट्रेडमार्क म्हणून भक्कम ठरते. ग्राहकाला नावावरून पदार्थ कळावा असे दुकानदाराला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ते काम लेबलावरच्या खालच्या ओळीने करावे आणि वरचे नाव आपल्यापुरते राखून ठेवावे.

पदार्थाच्या नावांत गोव्यातल्या उत्पादकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर खोलाची मिरची, हरमलची मिरची, मयड्याची केळी, खाजे, मानकुराद आंबा, बिबिंका, आगशीची वांगी आणि गोव्याचे काजू यांनाही ते मिळाले. हे मानांकन त्या प्रदेशातल्या साऱ्या उत्पादकांचे असते. त्या प्रदेशाबाहेरच्या मालासाठी ते नाव असलेले दिशाभूल करणारे चिन्ह ट्रेडमार्कचे निबंधक नाकारू शकतात. प्रदेशातल्या उत्पादकालाही ‘बिबिंका’ किंवा ‘फेणी’ या शब्दावर एकट्याचा हक्क मिळत नाही. त्याने मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी आणि आपल्या खास नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज वेगळा करावा. ही दोन्ही कामे एकमेकांना पूरक असली तरी एकाने दुसऱ्याची गरज भागत नाही. कितीतरी फेणी उत्पादक इथेच गोंधळतात.

आडनावांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, नाईक, कामत, प्रभू, देसाई अशी आडनावे नोंदवता आली, तरी दुसऱ्या नाईकाने प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने धंदा केल्यास कलम ३५ त्याला संरक्षण देते. हयात असलेल्या किंवा गेल्या वीस वर्षांत निधन झालेल्या व्यक्तीशी संबंध असल्याचा आभास निर्माण करणारे चिन्ह असेल, तर निबंधक त्या व्यक्तीची किंवा तिच्या वारसांची संमती मागू शकतात. पर्यटकांना विकायच्या वस्तूंवर मारियो मिरांडा यांचे नाव किंवा चित्रशैली वापरून पाहावी असे ज्यांना वाटते, त्यांनी त्यांचे निधन डिसेंबर २०११ मध्ये झाले आहे हे ध्यानात ठेवावे. त्यांच्या चित्रांच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न त्याहून वेगळा आणि त्याहून लांबचा आहे.

आधी शोध

नाव मनात पक्के करण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध घ्यावा. तो विनामूल्य आहे. शब्दाने, उच्चाराने आणि चित्राच्या सांकेतिक क्रमांकाने, असा तीन प्रकारे तो घेता येतो. केवळ हुबेहूब शब्द पाहून थांबू नये. नावांची तुलना अर्धवट आठवण असलेल्या सामान्य ग्राहकाच्या कानाने करायची असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ ही औषधांची नावे गोंधळ होण्याइतकी सारखी ठरवली होती, हे लक्षात घेतले की निकष किती कडक आहे ते कळते.

गोव्यातल्या नावांच्या बाबतीत शोधाला आणखी एक फाटा फुटतो. नोंदवहीतली बहुतेक नावे रोमी अक्षरांत आहेत आणि आपल्याकडे पोर्तुगीज वळणाने ‘श’ साठी एक्स हे अक्षर लिहिण्याची रीत अजून टिकून आहे. त्यामुळे ‘शांती’ शोधताना एस-एच ने आणि एक्स ने, अशी दोन्ही लेखने तपासावीत. शेवटच्या अनुनासिकासाठी ‘एम’ जोडलेले रूपही पाहावे. एकाच उच्चाराची चार लेखने असू शकतात आणि आधीची नोंद नेमकी चौथ्या लेखनात दडलेली असते.

वर्ग कोणता

माल आणि सेवा यांचे एकूण ४५ वर्ग आहेत. पहिले ३४ वस्तूंचे आणि पुढचे ११ सेवांचे. नोंदणी त्या-त्या वर्गापुरती मिळते आणि शुल्कही दर वर्गाला वेगळे पडते. लोणचे, प्रक्रिया केलेले काजूगर आणि सुकवलेली मासळी २९ व्या वर्गात येतात. मसाले, व्हिनेगर, पाव आणि मिठाई ३० व्या. कच्चे शेतमाल ३१ व्या. सोलांचे सरबत, सोडा आणि बिअर ३२ व्या. तर फेणी आणि उर्राक ही मद्ये ३३ व्या वर्गात येतात. खानावळ, रेस्टॉरंट आणि होम-स्टे ४३ व्या वर्गात येतात. सहलींचे आयोजन ३९ व्या आणि दुकान चालवण्याची सेवा ३५ व्या वर्गात मोडते. आज जो माल विकतो तो वर्ग घ्यावाच. येत्या एक-दोन वर्षांत ज्या मालात उतरण्याचा खरा बेत आहे तोही परवडल्यास घ्यावा. त्यापलीकडे ‘असू द्या’ म्हणून वर्ग घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. नोंदणीनंतर सलग पाच वर्षे आणि वर तीन महिने चिन्ह वापरलेच नाही, तर त्याची झळ बसणारा कोणीही ते रद्द करण्याची मागणी करू शकतो.

अर्ज कोणाच्या नावाने

अर्जाचा नमुना टीएम-ए. तो ऑनलाइन भरता येतो, पण त्यासाठी डिजिटल सही लागते. स्वतः भरणे अशक्य नाही. वकील किंवा नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंट यांच्यामार्फत भरल्यास त्यांना अधिकारपत्र द्यावे लागते. गोव्यातील अर्जदारांसाठी मुंबईचे कार्यालय सक्षम आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही त्याच कार्यालयाखाली येतात. व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी एका चिन्हाला दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, तर बाकीच्यांना ९,००० रुपये. कागदावर अर्ज दिल्यास ते अनुक्रमे ५,००० आणि १०,००० रुपये होते. कंपनी किंवा भागीदारी असूनही सवलतीचा दर हवा असेल तर उद्यम प्रमाणपत्र जोडावे. ते प्रमाणपत्र सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तो फक्त स्वतःची मजुरी मागत आहे असे समजावे.

मालक कोण, हा रकाना घाईने भरण्याचा नाही. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल तर मालकाचे नाव आणि दुकानाचे व्यापारी नाव. भागीदारी असेल तर सर्व भागीदारांची नावे. कंपनी असेल तर कंपनीचे. महिलांच्या स्वयंसाहाय्य गटांचे नाव अध्यक्ष किंवा सचिवाच्या वैयक्तिक नावावर नोंदवले जाते आणि ती बाई गट सोडून गेली की नाव तिच्यासोबत जाते, असे घडलेले आहे. गटाने आधी सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी असे कायदेशीर रूप घ्यावे आणि मग अर्ज करावा.

इथे गोव्याचा एक खास मुद्दा येतो. आपल्याकडे विवाहित जोडप्यांना अजूनही पोर्तुगीज नागरी संहितेतले मालमत्तेचे नियम लागू आहेत. विवाहपूर्व वेगळा करार नसेल, तर सर्वसाधारणपणे पती-पत्नींची मालमत्ता समाईक मानली जाते. आयकराचा अर्ज भरताना धंद्याचे उत्पन्न दोघांत अर्धे-अर्धे दाखवण्याची गोव्यातल्या जोडप्यांची पद्धत याच तत्त्वातून आलेली आहे. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचे नावही मालमत्ताच असते. मालक वारला, तर ते नाव कोणाकडे जाणार हे २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यातल्या प्रक्रियेने ठरते. तो निकाल नोंदवहीत चढवून घेतल्याशिवाय नव्या मालकाला ट्रेडमार्कवर सहजी दावा सांगता येत नाही. म्हणून नाव विकताना, भागीदारी करताना किंवा मुलाच्या कंपनीकडे सोपवताना जोडीदाराची सही घ्यावी आणि हा प्रश्न गोव्यातील वारसा कायद्याचे काम करणाऱ्या वकिलाला विचारावा. मुंबईच्या एजंटला तो सुचण्याची शक्यता कमी असते.

लोगो असेल तर तो कोणी काढला हेही बघावे. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या कला महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला चार-पाच हजार रुपये देऊन लोगो काढून घेतला, की तो आपला झाला असा सर्वांचा समज असतो. स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणे मात्र, काढणारा आपला पगारी नोकर नसेल, तर चित्राचा पहिला मालक सहसा तोच राहतो. म्हणून हक्क सोपवल्याचा सहीचा लेखी करार करून घ्यावा आणि त्यात मुदत ‘कायमची’ आणि क्षेत्र ‘संपूर्ण जग’ असे स्पष्ट लिहावे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि क्षेत्र लिहिले नाही तर भारतापुरते धरतो.

नाव आणि लोगो दोन्ही असतील आणि पैसे एकाच अर्जाचे असतील, तर साध्या अक्षरांतले नाव आधी नोंदवावे, असा माझा सल्ला असतो. लोगो दर काही वर्षांनी बदलतो, नाव राहते. लोगोचा अर्ज काळ्या-पांढऱ्यात, रंगाची मर्यादा न घालता केला तर तो सर्व रंगांत नोंदला गेला असे मानले जाते. चित्र आठ बाय आठ सेंटिमीटरहून मोठे नसावे.

वापर केव्हापासून

अर्जात एक छोटा प्रश्न असतो: हे चिन्ह केव्हापासून वापरात आहे? वापर सुरू झालेला नसेल तर ‘वापरण्याचे योजले आहे’ असे लिहावे. सुरू झाला असेल तर तारीख द्यावी आणि सोबत प्रतिज्ञापत्र व पुरावा जोडावा. या एका रकान्यावर पुढची सारी भांडणे ठरतात, कारण आपल्या कायद्यात आधी नोंदवणाऱ्यापेक्षा आधी वापरणाऱ्याचा हक्क वरचढ मानला जातो. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुक्कडै’ हलव्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हेच तत्त्व लावून नाव आधीपासून वापरणाऱ्या जुन्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्याने आपले नाव आधी नोंदवून टाकले, तरी आपला वापर त्याच्या आधीचा असेल तर आपला धंदा तो बंद पाडू शकत नाही. पण ते सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर असते.

हा पुरावा गोव्यातल्या छोट्या उद्योगांकडे असतो, फक्त तो कोठे आहे ते त्यांना माहीत नसते. विक्रीची बिले साध्या पॅडवर, तारखेविना आणि मालाच्या नावाऐवजी ‘२ बाटल्या’ एवढेच लिहून दिलेली असतात. ती उपयोगाची नाहीत. त्यापेक्षा छापखान्याचे लेबल छपाईचे बिल सोन्यासारखे असते, कारण त्यावर तारीख, नाव आणि लेबलांची संख्या तिन्ही असतात. आणखी एक हक्काची जागा म्हणजे स्मरणिका. देवस्थानाच्या उत्सवाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या किंवा नाट्यमंडळाच्या स्मरणिकेत पाव पानाची जाहिरात न दिलेला गोमंतकीय दुकानदार शोधूनही सापडणे कठीण. त्या पानावर आपले नाव असते आणि मुखपृष्ठावर वर्ष असते. जत्रेतल्या किंवा फेस्तातल्या स्टॉलचा फोटो, ज्यात बाटलीवरचे लेबल वाचता येते, तोही चालतो. मात्र फोनमधली मूळ प्रत जपून ठेवावी, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली नव्हे. यापुढची बिले तरी मालाचे नाव छापून, तारखेसह द्यावीत.

मोह होतो म्हणून सांगून ठेवतो: ‘आजोबांच्या काळापासून’ अशी तारीख पुराव्याशिवाय लिहू नये. आजोबा काजू विकत असतील, पण ते हेच नाव लावून विकत होते का, हा प्रश्न विरोधक विचारतोच. खोटी ठरलेली तारीख नंतर बदलून मिळणे फार अवघड असते आणि तिच्यामुळे बाकीच्या खऱ्या पुराव्याचीही पत जाते.

अर्जानंतर

अर्ज भरताच क्रमांक मिळतो आणि त्या दिवसापासून नावापुढे ‘टीएम’ लावता येते. खरे तर ते अर्जाशिवायही लावता येते. गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा. आधी लावणे हा कायद्याचा भंग आहे आणि त्यासाठी दंड होतो. पुष्कळ लेबलांवर तो हौसेने छापलेला दिसतो.

काही काळाने परीक्षण अहवाल येतो. त्यात कलम ९ खालचा, म्हणजे नाव वर्णनात्मक असल्याचा, किंवा कलम ११ खालचा, म्हणजे आधीच्या चिन्हाशी साम्य असल्याचा आक्षेप असू शकतो. अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यायचे असते. संकेतस्थळावर ‘ऑब्जेक्टेड’ असा शेरा दिसला की लोक घाबरून फोन करतात. तो फक्त परीक्षकाचा प्रश्न असतो, नकार नव्हे. उत्तरात आपल्या आणि समोरच्या चिन्हातला फरक, मालातला फरक, वापराचा काळ आणि पुरावा मांडावा. एवढ्याने परीक्षकाचे समाधान झाले नाही तर सुनावणी होते, ती व्हिडिओ कॉन्फरन्सने, त्यामुळे मुंबईला जावे लागत नाही. या टप्प्यावर अर्ज बुडण्याचे मोठे कारण युक्तिवाद कमी पडणे हे नसून ईमेल न वाचणे हे असते. माझ्याकडूनही सुरुवातीच्या काळात एका अर्जाचा अहवाल जाहिरातींच्या ईमेलांत पडून राहिला होता आणि पुन्हा नव्याने अर्ज करण्याची पाळी आली होती. तेव्हापासून दर सोमवारी प्रत्येक अर्जाची स्थिती संकेतस्थळावर स्वतः पाहण्याची सवय लावून घेतली आहे.

आक्षेप मिटला की चिन्ह व्यापारचिन्हांच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होते आणि त्यानंतर चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. इथला शेरा ‘ऑपोज्ड’ असा असतो. वरच्या ‘ऑब्जेक्टेड’शी तो दिसायला जवळचा, पण प्रकार अगदी वेगळा. हा विरोध दुसऱ्या व्यापाऱ्याने केलेला असतो आणि त्याची सूचना मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे आपले लेखी उत्तर, दिले नाही, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. या मुदतीत सवलत नाही. प्रतिनिवेदनाचे ऑनलाइन शुल्क दर वर्गामागे २,७०० रुपये आहे. मोठ्या कंपनीची नोटीस पाहून छोटे उद्योजक गप्प बसतात आणि नाव हातचे घालवतात. पुष्कळ विरोध केवळ एका शब्दाच्या साम्यावर आपोआप टाकलेले असतात आणि मालाची यादी थोडी आखडती घेतल्यास तडजोडीने मिटतात.

विरोध आला नाही तर प्रमाणपत्र ऑनलाइन मिळते आणि हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. दरम्यान अर्जातला पत्ता आणि मजकूर सार्वजनिक होत असल्यामुळे ‘तुमचे चिन्ह आंतरराष्ट्रीय यादीत चढवतो, अमुक रक्कम भरा’ अशी सरकारी थाटाची पत्रे येऊ लागतात. शुल्क फक्त नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर किंवा आपल्या एजंटकडेच भरावे.

नक्कल झाल्यावर

प्रमाणपत्र मिळाले म्हणून कार्यालय आपल्यासाठी बाजारात फिरत नाही. नजर आपणच ठेवायची. जर्नल दर आठवड्याला निघते. आपल्या वर्गातली नवी नावे पाहावीत आणि साम्य वाटल्यास चार महिन्यांत विरोध टाकावा, कारण छापील टप्प्यावरचा विरोध हा नंतरच्या दाव्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. नंतर नोंदलेल्या चिन्हाचा वापर ठाऊक असूनही सलग पाच वर्षे गप्प बसले, तर ते रद्द करण्याची मागणी करण्याचा हक्क जातो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपल्यासारखे लेबल दिसले, तर तिथल्या तिथे वाद घालू नये. आधी एक नग विकत घ्यावा, तारखेचे बिल मागावे, स्टॉलचा आणि लेबलाचा फोटो काढावा आणि मग वकिलामार्फत नोटीस द्यावी. ऑनलाइन विक्री असेल तर त्या संकेतस्थळाकडे नोंदणी क्रमांकासह तक्रार करता येते. हा मार्ग बहुधा सर्वांत लवकर फळतो. नोटीस देण्यापूर्वी आपला हक्क खरोखर आहे ना, याची खात्री करावी, कारण निराधार धमकीविरुद्ध समोरचा दावा लावू शकतो.

न्यायालयात जाण्याची वेळ आलीच तर नोंदणीकृत मालकाला एक मोठी सोय आहे. कलम १३४ प्रमाणे तो स्वतः जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. बेंगळुरूच्या नक्कलकाराला मडगावला यावे लागते. नोंदणी नसलेल्याला ही सोय नाही. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर अशा व्यापारी दाव्याआधी मध्यस्थीचा टप्पा पार पाडावा लागतो. खोटे चिन्ह लावून माल विकणे हा गुन्हाही आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. छापा घालण्याचा अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे आणि त्याने आधी निबंधकांचे मत घ्यायचे असते. त्यात वेळ जातो, म्हणून पोलीस तक्रार ही पहिली पायरी समजू नये.

लंडन, लिस्बन किंवा दुबईतल्या गोमंतकीयांना माल पाठवणाऱ्यांनी भारतातली नोंदणी भारतापुरतीच असते हे विसरू नये. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद व्यवस्थेत सामील आहे. त्यामुळे भारतातल्या अर्जाच्या किंवा नोंदणीच्या आधारावर एकाच अर्जाने हवे ते सदस्य देश निवडता येतात. भारतातल्या अर्जानंतर सहा महिन्यांत परदेशी अर्ज केला तर मूळ तारखेचा अग्रक्रमही मिळतो.

नूतनीकरण

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी कितीही वेळा वाढवता येते. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नमुना टीएम-आर भरता येतो. ऑनलाइन शुल्क दर वर्गाला ९,००० रुपये आहे आणि इथे छोट्या उद्योगांना वेगळी सवलत नाही. मुदत उलटली तर सहा महिन्यांपर्यंत अधिभारासह आणि त्यापुढे वर्ष पूर्ण होईपर्यंत पुनःस्थापनेच्या जादा शुल्कासह नाव वाचवता येते. नंतर नाही. कार्यालय आठवणीची सूचना पाठवते, पण ती नोंदवहीतल्या पत्त्यावर आणि ईमेलवर. दहा वर्षांपूर्वी अर्जात जो ईमेल लिहिला तो लेबले करून देणाऱ्या भाच्याचा असेल आणि भाचा आता लिस्बनला असेल, तर नमुना टीएम-पी भरून पत्ता आणि ईमेल आजच बदलून घ्यावेत.